एक गुरुजी, चार इयत्ता

वाडीवस्तीवरच्या शाळेचे चित्र आपल्या ओळखीचे आहे. खोली एक, फार तर दोन. भिंतीकडेला पहिलीची मुले अक्षरे गिरवीत बसलेली, मधे दुसरी-तिसरी, फळ्याजवळ चौथीची मुले भागाकारात अडकलेली. गुरुजी एकटे, किंवा जोडीला आणखी एक बाई. अशा शिक्षकाला रोज सकाळी एक निवड करावी लागते आणि तिची नोंद कुठल्याच हजेरीपत्रकात होत नाही. ती निवड अशी : आपला स्वतःचा वेळ कोणाला द्यावयाचा? थोरांना की धाकट्यांना?

हा प्रश्न आजचा नव्हे. त्याला शेकडो वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपण सर्वांनी, विशेषतः शिक्षकबंधुभगिनींनी, ऐकण्याजोगा आहे.

इ. स. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी कर्नाटकात इक्केरी येथे आला होता. तेथे एका देवळाच्या ओवरीत त्याला चार मुले दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा धड्याचा तुकडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिही. बाकीचे तिघे तेच म्हणत, तेच लिहीत. जागा भरली की वाळू सारखी करून पुन्हा सुरू. गुरुजी जवळ नव्हते. मग अडले तर कोणाला विचारता, असे प्रवाशाने विचारले. मुलांनी सांगितले की, चौघेही एकाच वेळी विसरतील असे कसे होईल?

किती साधे उत्तर! आपल्याकडची पंतोजींची शाळाही याच वळणाची. कोणाच्या पडवीत नाही तर देवळात ती भरे. धूळपाटीवर धुळाक्षरे, मग मोडी वळण, मग पाढे आणि पावकी-निमकी. वयाप्रमाणे इयत्ता नव्हत्या. पुढे गेलेला मुलगा मागच्याला गिरवायला देई, संध्याकाळी परवचा सर्वांची एकत्र होई. पंतोजी एक, पण शिकवणारे अनेक. या शाळेचे गोडवे गाताना दोन गोष्टी मात्र झाकून ठेवू नयेत. एक, तिथे छडीचे राज्य होते. दुसरी, मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या पडवीची पायरी बहुधा बंदच होती. ती कोंडी फोडण्यासाठी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८४८ साली मुलींची शाळा काढावी लागली, आणि १८५५ साली कष्टकरी प्रौढांसाठी रात्रीची शाळा.

आता मद्रासकडे वळू. १७८९ साली डॉ. अँड्र्यू बेल हे पाद्री तेथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. एकदा घोड्यावरून जाताना एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांना दिसली. त्यांनी आपल्या आश्रमातही तसेच करावयास सांगितले. लहानांच्या वर्गाचे मास्तर तयार होईनात. हे जमणारच नाही म्हणाले. तेव्हा बेलसाहेबांनी आठ वर्षांच्या एका मुलाकडे तो वर्ग सोपविला, आणि मास्तरांना न जमलेले त्या पोराने करून दाखविले! १७९७ साली लंडनला बेल यांनी या प्रयोगावर पुस्तक छापले. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर याने लंडनमध्ये शाळा काढून हीच तऱ्हा मोठ्या प्रमाणावर चालविली. आपल्या वाळूतली रीत अशी सातासमुद्रापार गेली.

पण तिथे तिचे काय झाले पाहा. एका लांबलचक दालनात शेकडो मुले, रांगेरांगेला एक मोठा मुलगा 'मॉनिटर', आणि वर एक मास्तर. खर्च कमी, म्हणून देणगीदार खूष. मॉनिटर पाठ म्हणवून घेई, चुकला की हटकी; पण 'असे का?' म्हणून कोणी विचारले तर तो बिचारा काय सांगणार? त्याला तरी कुठे ठाऊक होते! इक्केरीची ती चार मुले एकमेकांचे सोबती होती. इथे एक मुलगा दुसऱ्याचा मुकादम झाला. १८४६ पासून इंग्लंडच्या सरकारने वयाने मोठ्या, पगारी उमेदवार-शिक्षकांची पद्धत सुरू केली आणि मॉनिटरांचा जमाना हळूहळू मावळला.

या गोष्टीतला खरा दोष कोणता? थोराने धाकट्याला शिकविणे हा दोष नव्हे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपले आपल्यालाच पक्के होते, हा तर प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. दोष असा की, सर्वांत लहान मूल सर्वांत सोपे समजले गेले. लहानग्यांना काय, कोणीही शिकवील, आणि जाणता शिक्षक मात्र मोठ्यांसाठी, ही समजूत.

ही समजूत उलटी करून दाखविली ती ताराबाई मोडक यांनी. ताराबाई राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. लोकांना नवल वाटले असेल. पुढे १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना या कामात येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही. धाकटे बालवाडीत, थोरली शाळेत. १९७५ साली सरकारची बालविकास योजना देशभर निघाली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिने उचलला.

म्हणजे प्रत्येक वयाची भूक निराळी, हे त्यांनी ओळखले. चार वर्षांच्या मुलाला हाताला काम हवे आणि जवळ मायेचे माणूस हवे. आठ वर्षांच्याला सोबती हवेत. तो चढाओढीने आणि एकमेकांच्या मदतीने शिकतो. बारा वर्षांच्याला 'का?' याचे उत्तर हवे, आणि आपल्यावर कोणी काही सोपवावे असेही त्याला वाटते.

तर शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, चार इयत्ता एका खोलीत असणे ही अडचण खरीच, आणि त्या शाळेला पुरेसे शिक्षक मिळाले पाहिजेत ही मागणी सोडण्याचे कारण नाही. परंतु तोवर दिवस कसा लावायचा हे आपल्या हाती आहे. सकाळचा पहिला, ताजा अर्धा तास पहिलीच्या मुलांत स्वतः बसून पाहा. चौथीच्यांना तेवढ्यात एक उदाहरण चौघांत मिळून सोडवू द्या. चौघे एकदम विसरणार नाहीत. नंतर चौथीचा एखादा मुलगा दुसरीच्या मुलाशेजारी बसवा, पण थोडाच वेळ. त्याचा स्वतःचा धडा बुडता कामा नये. आणि त्याच्या हातात छडी मात्र देऊ नका.

वाळूवरचे अक्षर पुसले जाते. ते लिहिताना शेजारी कोण बसले होते, हे मात्र मूल जन्मभर विसरत नाही.