क्रेडिट कार्डाच्या बिलात न केलेला खर्च आला? तक्रार अशी करा, कुठे करा

नागपूर : क्रेडिट कार्ड आता काटोल, नरखेड, उमरेड, रामटेककडच्या गावांतही पोहोचलं आहे. बिलात चूक दिसली की बरेच जण "एवढ्याशासाठी कोण भांडत बसेल" म्हणून सोडून देतात. पण न भरलेल्या रकमेवर व्याज चढत जातं, नोंद सिबिलला जाते आणि पुढे ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेलं की तीच नोंद आडवी येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीक कर्जाचं खातं. इथे सांगतोय ते खरेदीच्या, महिन्याला बिल येणाऱ्या कार्डाबद्दल.

१) बिल ओळीनं वाचा
एकच रक्कम दोनदा कटली का, न मागितलेला विमा किंवा वार्षिक फी लागली का, परत केलेल्या वस्तूचे पैसे जमा झाले का, हे बघा. दुकानाचं नाव बिलात कधी कधी वेगळं छापून येतं, म्हणून तारीख आणि रक्कमही जुळवा.

२) फोन लावा, पण नंबर बघून
कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. कार्डाच्या मागे किंवा बिलावर छापलेलाच नंबर लावा. व्यवहार तुमचा नसेल तर आधी कार्ड ब्लॉक करायला सांगा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ओटीपी कोणालाच सांगू नका.

३) लेखी द्या
फोननंतर त्याच दिवशी ई-मेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. त्यात व्यवहाराची तारीख, रक्कम, तक्रार क्रमांक लिहा. पावती, मेसेजचा फोटो जोडा. पूर्ण कार्ड नंबर लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात.

४) नियम तुमच्या बाजूने आहेत
रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिलावर हरकत घेतली तर बँकेनं जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा, लागेल तिथे कागदी पुरावा द्यायचा असतो. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत चार्ज लावता येत नाही. वाद मिटण्याआधी थकबाकीदार म्हणून माहिती पुढे देता येत नाही. न मागता कार्ड देऊन बिल लावलं, तर ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भुर्दंड नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यालाच सोसावं लागतं. म्हणून एक तासही दवडू नका. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनलाही फोन करा.

५) वाद नसलेली रक्कम भरा
पाच ओळींपैकी एकच चुकीची असेल तर बाकीचे पैसे मुदतीत भरा. "मिनिमम ड्यू" भरून सुटका होत नाही, उरलेल्यावर व्याज लागतं.

६) बँक ऐकत नसेल तर
आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लगेच तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर ती करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. नेट जमत नसेल तर कागदपत्रांसह अर्ज पोस्टानं पाठवा : भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग हे मार्गही आहेत. मात्र एकच तक्रार आयोगात चालू असताना लोकपाल ती घेत नाही.

तक्रार क्रमांक, तारीख आणि पोच एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर पहिल्यांदा तेच विचारतात.