कम्फर्ट झोन सोडणं म्हणजे नेमकं काय? एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दिलीप दोंदेंची गोष्ट

१९ ऑगस्ट २००९. मुंबईत पावसाळा अजून सरलेला नव्हता. कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेनंतर होड्या नुकत्याच समुद्रात उतरू लागल्या होत्या. त्या दिवशी मुंबईहून ५६ फूट लांबीची एक शिडाची बोट निघाली. बोटीचं नाव 'म्हादेई' आणि बोटीवर माणूस एकच, भारतीय नौदलातले कमांडर दिलीप दोंदे.

बरोबर नऊ महिन्यांनी, १९ मे २०१० रोजी, ही बोट पृथ्वीला फेरी मारून मुंबईला परतली. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय ठरले.

'कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा' असं सांगणाऱ्या रील्स रोज समोर येतात. त्यात बहुतेक वेळा कुणीतरी एका सकाळी राजीनामा देतं, बॅग उचलतं आणि निघतं. दोंदेंच्या गोष्टीतही तसा एक क्षण आहे. २००६ मध्ये नौदल या मोहिमेसाठी माणूस शोधत होतं आणि त्यांनी हात वर केला. पण त्या होकारानंतर प्रत्यक्ष निघायला त्यांना तीन वर्षं लागली. खरी गोष्ट त्या तीन वर्षांत आहे.

आधी हा शब्द कुठून आला?

'कम्फर्ट झोन' हा शब्द आज मानसशास्त्राचा वाटतो, पण १९२० च्या दशकात तो वापरत होते ते खोल्यांचं तापमान ठरवणारे इंजिनिअर. माणसाला ना उकडतं ना थंडी वाजते, असा तापमान आणि आर्द्रतेचा पट्टा म्हणजे कम्फर्ट झोन. म्हणजे हा शब्द मुळात एसीच्या रिमोटच्या जवळचा. नोकरी, नाती आणि स्वप्नं त्याला बऱ्याच नंतर चिकटली.

या विषयावर बोलताना १९०८ सालच्या एका प्रयोगाचा दाखलाही नेहमी दिला जातो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांना दोन पेट्यांमधून योग्य पेटी निवडायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. काम अवघड असताना उंदीर सगळ्यात लवकर शिकले ते मध्यम झटक्यांनी. झटका फार सौम्य किंवा फार जोराचा असला, की शिकायला जास्त वेळ लागत होता. प्रयोग उंदरांवरचा होता, त्यामुळे त्यातून माणसांच्या करिअरचे नियम काढताना जरा जपून. पण थोडा ताण शिकवतो आणि अती ताण गोठवतो, हे परीक्षेला बसलेल्या कुणालाही पटेल.

स्वप्न मुळात कुणाचं होतं?

ही कल्पना दोंदेंची नव्हती. ती व्हाईस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीसाठी वीर चक्र मिळालेले आवटी १९८३ मध्ये नौदलातून निवृत्त झाले आणि साताऱ्यातल्या फलटण तालुक्यात विंचुर्णी इथं राहू लागले. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यालगत बसून हा माणूस भारतीयानं एकट्यानं जगाला फेरी मारावी, तीही भारतात बांधलेल्या बोटीतून, असा ध्यास घेऊन होता. नौदलानं तो मनावर घेतला आणि 'सागर परिक्रमा' हा प्रकल्प सुरू झाला.

दोंदेंनी हात वर केला तेव्हा ते नौदलात स्थिरावलेले अधिकारी होते. शिडाची बोट हाकणं त्यांना येत होतं. पण महासागर एकट्यानं ओलांडलेला भारतात कुणी नव्हताच, त्यामुळे विचारायचं कुणाला हा पहिला प्रश्न होता.

त्याचं उत्तर इंग्लंडमध्ये सापडलं आणि त्या उत्तराचा धागा पुन्हा मुंबईला येऊन मिळतो. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जगातले पहिले खलाशी म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारे ते एकटेच. त्यांना ३१२ दिवस लागले. ज्या ३२ फुटी बोटीतून त्यांनी हे केलं ती 'सुहेली' सागवानाची होती आणि बांधली गेली होती मुंबईत.

२००६ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन वयाच्या ६७ व्या वर्षी पुन्हा एकट्यानं करायच्या जागतिक शर्यतीची तयारी करत होते. शर्यत स्पेनच्या बिल्बाओहून सुटणार होती. दोंदे तिथं गेले आणि त्यांच्या तयारीच्या कामात मदतनीस म्हणून राबले. नौदलातला कमांडर दुसऱ्याच्या बोटीवर हरकाम्या झाला. एकट्या माणसाची बोट कशी लावायची, कुठलं सामान हाताशी हवं, काय मोडू शकतं, हे त्यांनी तिथं पाहिलं.

दिवाडी बेटावरची बोट

यानंतर प्रश्न आला बोटीचा. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. जुन्या गोव्याहून तिथं फेरीबोटीनं जावं लागतं. या बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा 'ॲक्वेरियस' हा बोटी बांधण्याचा कारखाना आहे. फायबरग्लासच्या बोटी बनवण्याचा त्यांना अनुभव होता, पण महासागर ओलांडणारी एवढी मोठी शिडाची बोट त्यांनी आधी कधीच बांधली नव्हती. आराखडा नेदरलँड्सच्या 'व्हान द श्टाट' या कंपनीचा, हात गोव्यातल्या कारागिरांचे.

दोंदेंचं नाव सगळ्यांना कळलं, दांडेकरांचं तितकं नाही. खरं तर कम्फर्ट झोन दोघांनीही सोडला होता. बोट कुठे कमी पडली असती, तर दक्षिण महासागरात तिच्यावर एक माणूस असणार होता आणि बांधणाऱ्याचं नाव त्या बोटीला कायमचं चिकटणार होतं.

बोट बांधली जात असताना दोंदे तिच्याभोवतीच होते. याचा फायदा साधा होता. भर समुद्रात काही बिघडलं तर मेकॅनिक बोलावता येत नाही. कुठली वायर कुठून जाते, कुठला बोल्ट कुठल्या फळीमागे आहे, हे माहीत असलेला एकच माणूस बोटीवर असणार होता. फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलात दाखल झाली. नाव ठेवलं 'म्हादेई', मांडवीचं मूळ नाव.

मग लगेच जगप्रवास? नाही. आधी सहकाऱ्यांसोबत कोलंबोची फेरी. नंतर सहकाऱ्यांसोबतच मॉरिशस. आणि मॉरिशसहून परत येताना पहिल्यांदा एकटे. होकार देऊन तीन वर्षं झाल्यावर, निघायला जेमतेम काही आठवडे उरलेले असताना, दोंदेंनी पहिल्यांदा एकट्यानं लांबचा समुद्र पार केला.

एकट्यानं म्हणजे कसं?

पृथ्वीप्रदक्षिणेचे नियम कडक आहेत. निघायचं आणि परतायचं बंदर एकच हवं, सगळी रेखावृत्तं आणि विषुववृत्त ओलांडायला हवं, किमान २१,६०० सागरी मैल म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर हवं. सुएझ किंवा पनामासारख्या कालव्यांचा शॉर्टकट चालत नाही. त्यामुळे वाट जाते थेट खाली, दक्षिण महासागरातून. शाळेच्या भूगोलात 'गरजणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' वारे वाचल्याचं आठवत असेल. ते हेच. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न तिकडच्या उन्हाळ्यात ओलांडता यावं म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात निघावं लागतं.

दोंदे वाटेत चार ठिकाणी थांबले: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन. मधल्या टप्प्यांत कित्येक आठवडे जमीन नाही.

एकट्या खलाशाला सलग झोप मिळत नाही. डुलकी घ्यायची, उठून जहाजं आणि वारा पाहायचा, पुन्हा डुलकी. बोट ऑटोपायलटवर चालते, आणि मोठा धोका त्यातच असतो. तोल जाऊन माणूस पाण्यात पडला तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही, ती आपल्या वाटेनं पुढे जात राहते. म्हणून डेकवर वावरताना स्वतःला दोरानं बोटीशी बांधून घ्यायचं.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. दोंदेंनी नोकरी सोडली नाही. बोट नौदलाची होती, वेळ नौदलानं दिला, बंदरांमध्ये मदतीला माणसं होती. घराचे हप्ते भरणाऱ्या, आईवडिलांची जबाबदारी असणाऱ्या माणसाला 'दोंदेंनी केलं, तू का नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे. मागे आधार होता म्हणूनच एवढी मोठी जोखीम घेता आली. अर्थात, तो आधार किनाऱ्यापर्यंतचा. केप हॉर्नला बोटीवर ते एकटेच होते.

पुढे काय झालं?

दोंदेंच्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांमध्ये अभिलाष टॉमी होते. १ नोव्हेंबर २०१२ रोजी तेच 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. एकट्यानं, विनाथांबा प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

२०१८ मध्ये टॉमी 'गोल्डन ग्लोब रेस'मध्ये उतरले. त्यांची बोट 'थुरिया' म्हणजे 'सुहेली'चीच प्रतिकृती आणि तीही दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोटीची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवस ते बोटीत जखमी अवस्थेत पडून होते. शेवटी एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

दरम्यान दोंदेंनी नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केलं. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालचं हे पथक १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी' बोटीतून निघालं आणि २१ मे २०१८ रोजी जगाला फेरी मारून परतलं. त्यानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, विंचुर्णीला आवटींचं निधन झालं.

'तारिणी'सुद्धा दिवाडीचीच. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ती पुन्हा गोव्याहून निघाली, या वेळी बोटीवर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. थांबे तेच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन. त्यांना तयार करणारे होते अभिलाष टॉमी. २९ मे २०२५ रोजी दोघी गोव्याला परतल्या.