व्हेनिसचें रुग्णालय व जुन्या वास्तूंचा विनियोग

कोणतेंहि रुग्णालय वाढूं लागलें म्हणजे त्याच्या चालकांपुढें एक जुनाच प्रश्न उभा राहतो. शेजारची जुनी वास्तु पाडून तेथें नवी बांधावी, कीं तीच दुरुस्त करून वापरावी? या प्रश्नास इतिहास काय उत्तर देतो हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं इटलींतील व्हेनिस शहराच्या नागरी रुग्णालयाकडे अवश्य लक्ष द्यावें. हें रुग्णालय परक्यांच्या घरांत जन्मलें आणि त्याच घरांत वाढलें.

हीं घरें तीन होतीं. पहिलें सान मार्कोच्या 'स्कुओला'चें, म्हणजे १२६० सालीं स्थापन झालेल्या एका धर्मादाय मंडळीचें सभागृह. तें १४८५ सालीं आगींत जळालें. तेव्हां पिएत्रो लोम्बार्दो, जोव्हान्नी बुओरा व मागाहून माउरो कोदुस्सी यांनीं तें नव्यानें उभारलें. त्याच्या दर्शनी भिंतीवरील सिंह इतक्या कौशल्यानें कोरले आहेत कीं, सपाट दगडांत खोल दालन असल्याचा भास व्हावा. दुसरें घर लगतच्या डोमिनिकन भिक्षूंचा मठ, आणि तिसरें स्कामोत्सीनें सतराव्या शतकाच्या आरंभीं योजिलेलें 'मेन्दिकान्ती' हें भिकाऱ्यांचें आश्रयस्थान.

व्हेनिसचें प्रजासत्ताक १७९७ सालीं लयास गेलें. १८०६ पासून तेथें नेपोलियनचा अंमल बसला, व मठ आणि मंडळ्या बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्यांत आली. रिकाम्या वास्तूंत आधीं लष्करी इस्पितळ आलें. पुढें ऑस्ट्रियाच्या राजवटींत, १८१९ सालीं, तेथें नागरी रुग्णालय सुरू झालें.

ही निवड केवळ सोयीची नव्हती. मठाची रचना आपल्या चौसोपी वाड्यासारखी असते: मध्यें उघडा चौक, भोंवतीं ओसरी, आणि तीवर लांबच लांब दालनें. दूषित हवेनें रोग पसरतात अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती, आणि उजेड व वारा यांची तर अशा दालनांत वाण नसे. शिवाय व्हेनिसचें बांधकाम म्हणजे चिखलांत असंख्य लांकडी खांब ठोकून त्यांवर उभारलेला डोलारा. तेथें प्रत्येक वीट नावेंतून यावयाची, आणि पाडलेल्या भिंतीचा राडारोडाहि नावेंतूनच जावयाचा. आज ज्यास आपण पर्यावरणाच्या हिताचा पुनर्वापर म्हणतों, तो तेथें साध्या काटकसरीचा भाग होता. पाया व भिंती यांवर एकदां झालेले श्रम फुकट घालवूं नयेत, एवढेंच त्याचें तत्त्व.

परंतु या व्यवहाराची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. ज्यांचीं तीं घरें होतीं, त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. स्कुओलाच्या सभागृहासाठीं तिन्तोरेत्तोनें १५४८ सालीं रंगविलेलें, सेंट मार्क एका गुलामाची सुटका करतो तें प्रसिद्ध चित्र आज व्हेनिसच्याच आकादेमिया संग्रहालयांत आहे. त्याच मालिकेंतील दुसरें एक मिलानच्या ब्रेरांत गेलें. भिंती वांचल्या, पण ज्यासाठीं त्या उभ्या होत्या तें जीवन मात्र वांचलें नाहीं.

विसाव्या शतकांत जुन्या वास्तूंस रजा देण्याचा विचारहि झाला. सान जोब्बे भागांत, कत्तलखान्याच्या जागीं, नवें रुग्णालय बांधण्याचें काम ल कोर्बुझिए या जगप्रसिद्ध स्थापत्यविशारदाकडे सोंपविण्यांत आलें. त्यानें १९६४ सालीं आराखडा सादर केला. त्यांत रोग्यांच्या खोल्यांस खिडक्या नव्हत्या. उजेड वरून, छपराकडून यावयाचा होता. १९६५ सालीं तो वारला. त्याच्या सहकाऱ्यांनीं काम पुढें चालविलें, तरी तें रुग्णालय कागदावरच राहिलें. आणि मौज अशी कीं, जो कत्तलखाना पाडावयाचा होता, त्याच्याच इमारतींत पुढें विश्वविद्यालयाचे अर्थशास्त्राचे वर्ग भरूं लागले!

यावरून जुनें तेवढें सोनें, असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. मठाच्या दालनांत आधुनिक शस्त्रक्रियेचीं व किरणांचीं यंत्रें मावत नाहींत, म्हणून खाडीच्या बाजूस नव्या इमारती बांधाव्याच लागल्या. आमच्या मतें या रुग्णालयाचा खरा धडा तारतम्याचा आहे. जेथें रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे तेथें नवें बांधावें. जेथें जुनी भिंत काम देते तेथें तिला हात लावूं नये. मंडळीच्या वरच्या दिवाणखान्यांत आतां वैद्यकाच्या इतिहासाचें संग्रहालय आहे, आणि कोरीव सिंहांच्या शेजारच्या त्याच दारांतून रोग्यांचे नातलग आजहि आंत जातात. चौकशीच्या घाईंत त्यांचें त्या सिंहांकडे लक्ष जात नसेल. परंतु शहराच्या मध्यभागीं, पायीं किंवा नावेनें गांठतां येईल असें रुग्णालय त्यांस लाभलें आहे, तें त्या भिंती राखल्यामुळेंच.