स्त्रियांचे वंध्यत्व : दोषारोपाकडून कारणमीमांसेकडे

सुश्रुतसंहितेने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज हे चार घटक आवश्यक मानले. मनुस्मृतीने मात्र वंध्या पत्नी असल्यास आठव्या वर्षी दुसरा विवाह करण्याची मुभा पतीस दिली. मुंबई प्रांतातील हिंदूंपुरती ही मुभा १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने संपुष्टात आली; स्त्रीवरील दोषारोप मात्र थांबला नाही.

वस्तुतः स्त्रीबीज नियमितपणे परिपक्व न होणे, बीजवाहिन्या बंद असणे आणि गर्भाशयातील विकृती ही स्त्रियांमधील वंध्यत्वाची प्रमुख कारणे होत. जननमार्गाचा जंतुसंसर्ग व क्षयरोग यांमुळे बीजवाहिन्या बंद होऊ शकतात. अनेकदा दोष पतीमध्येही असतो. बंद बीजवाहिन्यांवर शरीराबाहेरील फलनाचा मार्ग ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या बालिकेमुळे महाराष्ट्रात दृष्टिपथात आला.

तथापि डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तात्पर्य, प्रयोगशाळेतील यशाइतकेच गावपातळीवरील वेळेवर निदान महत्त्वाचे ठरते.