स्वरांमागच्या स्फूर्तिदेवता

लुडविग फान बीथोव्हन यांचे २६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्नात निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कागदपत्रांत पेन्सिलीने लिहिलेले एक प्रदीर्घ प्रेमपत्र सापडले. त्यावर ६ व ७ जुलै या तारखा होत्या. मात्र साल नव्हते आणि जिला ते लिहिले तिचे नावही नव्हते. हे पत्र १८१२ सालचे असल्याचे अभ्यासकांनी पुढे निश्चित केले. परंतु ही 'अमर प्रियतमा' अंतोनी ब्रेंतानो की जोसेफिन ब्रुन्सविक, यावर आजही मतैक्य नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात असफल प्रेमाला मानाचे स्थान आहे. प्रेम विफल झाले, पण त्यातून अजरामर संगीत जन्मले, असे या कथांचे तात्पर्य सांगितले जाते. ज्या स्त्रियांमुळे हे संगीत स्फुरले, त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तीन संगीतकारांच्या चरित्रांतून त्याची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात.

बर्लिओझ आणि हॅरिएट स्मिथसन

११ सप्टेंबर १८२७ रोजी पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात एका इंग्रजी नाटक मंडळीने 'हॅम्लेट' सादर केले. ऑफेलियाच्या भूमिकेत आयरिश अभिनेत्री हॅरिएट स्मिथसन होत्या. प्रेक्षकांत बसलेल्या २३ वर्षांच्या एक्टर बर्लिओझ यांना इंग्रजी जेमतेमच कळत होते. तरीही ते या अभिनेत्रीच्या प्रेमात आकंठ बुडाले. त्यांच्या पत्रांना प्रतिसाद मिळाला नाही. या ध्यासातून 'सिंफनी फँटास्टिक' साकारली आणि ५ डिसेंबर १८३० रोजी ती प्रथम सादर झाली. तिच्या पाचही भागांत प्रेयसीची एकच धून पुन्हापुन्हा येते आणि अखेरीस चेटकिणींच्या नृत्यात तिचे विडंबन होते. गंमत अशी, की बर्लिओझ यांनी ही धून १८२८ मध्ये एका स्पर्धेसाठी लिहिलेल्या 'एर्मिनी' या रचनेतून घेतली होती. प्रेयसी खरी असली, तरी सिंफनीतली तिची प्रतिमा कल्पनेतलीच होती.

इथे प्रेम अखेर सफल झाले. ३ ऑक्टोबर १८३३ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. परंतु तोवर हॅरिएट यांची रंगभूमीवरील लोकप्रियता ओसरली होती, डोक्यावर कर्ज होते आणि अपघातात पायही मोडला होता. दशकभरातच दोघे विभक्त झाले. अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने जखडलेल्या हॅरिएट ३ मार्च १८५४ रोजी निवर्तल्या. त्यांच्या निर्वाहाचा भार बर्लिओझ यांनी शेवटपर्यंत उचलला, हेही नोंदवायला हवे.

ब्राम्स आणि क्लारा शुमान

१८५३ च्या शरदात २० वर्षांचे योहानेस ब्राम्स डुसेलडॉर्फला रॉबर्ट आणि क्लारा शुमान यांच्या घरी गेले. पुढच्याच वर्षी मनोविकाराने ग्रासलेल्या रॉबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले. मात्र १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रुग्णालयातच होते. या काळात ब्राम्स शुमान कुटुंबाचा आधार बनले आणि आपल्यापेक्षा १४ वर्षांनी मोठ्या असलेल्या क्लारा यांच्यावर त्यांचे प्रेम जडले. रॉबर्ट यांच्या निधनानंतर मात्र दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. मैत्री जन्मभर टिकली. ब्राम्स अविवाहितच राहिले.

आपल्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोचा संथ भाग हे क्लारा यांचे शब्दचित्रासारखे स्वरचित्र आहे, असे ब्राम्स यांनी त्यांना पत्रातून कळवले होते. वेगळेपण पुढे आहे. १८६१ मध्ये हॅम्बुर्गला हाच कॉन्चेर्टो खुद्द क्लारा यांनी वाजवला. त्या केवळ स्फूर्तिदेवता नव्हत्या. वयाच्या नवव्या वर्षापासून मैफली गाजवणाऱ्या, मुलाबाळांचा संसार आपल्या कमाईवर चालवणाऱ्या आणि स्वतः संगीतरचना करणाऱ्या कलावती होत्या. ब्राम्स आपली हस्तलिखिते त्यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवत आणि त्याही परखड मत देत.

यानाचेक आणि कामिला स्टॉस्लोवा

जुलै १९१७ मध्ये मोराव्हियातील लुहाचोविसे या आरोग्यस्थळी ६३ वर्षांचे लेओश यानाचेक यांना २५ वर्षांच्या कामिला स्टॉस्लोवा भेटल्या. दोघेही विवाहित होते. कामिला यांना संगीतात विशेष रस नव्हता. तरीही यानाचेक यांनी पुढच्या ११ वर्षांत त्यांना सातशेहून अधिक पत्रे लिहिली. 'कात्या काबानोवा' या ऑपेराची नायिका रंगवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कामिलाच होत्या. १९२८ च्या आरंभी अवघ्या तीन आठवड्यांत त्यांनी दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, पूर्ण केले आणि त्याला 'अंतरंग पत्रे' या अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला ते निधन पावले.

कामिला यांनी पाठवलेली बहुतेक पत्रे मात्र यानाचेक यांनी त्यांच्याच आग्रहावरून जाळली. परिणामी या दीर्घ संवादाची प्रामुख्याने एकच बाजू आपल्याला वाचायला मिळते. घरात हे सारे पाहणाऱ्या पत्नी झ्देन्का यांची व्यथा त्यांच्या आठवणींतून नंतर समोर आली.

या रचनांचे मोल अशा तपशिलांनी कमी होत नाही. मात्र त्यांत ऐकू येते ते संगीतकाराचे मन. त्या स्त्रीचे नव्हे. हॅरिएट यांचा अभिनय आज केवळ समकालीनांच्या वर्णनांत उरला आहे, तर कामिला यांची बहुतांश उत्तरे राख झाली. क्लारा यांचे तसे झाले नाही. १८३५ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी लाइपझिगला त्यांनी स्वतः सादर केलेला पियानो कॉन्चेर्टो आज ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. ब्राम्स यांनी रेखाटलेले स्वरचित्र ऐकल्यावर रसिकांनी तोही अवश्य ऐकावा.