चित्रें गेलीं, वाटा राहिल्या

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरें एवढींच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतात. पायवाट हेंहि एक साधन आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वाटेवर तिथि कोरलेली नसते आणि तिचा कर्ता कोण हें कोणास सांगतां येत नाहीं. तथापि राजांचे वाडे पडतात, देवळांतील चित्रें परगांवीं जातात, आणि वाट मात्र होती तेथेंच राहते. स्पेन देशाच्या ईशान्येस, कातालोनिया प्रांतांत, पिरिनीज पर्वताच्या कुशींत बोईचें खोरें म्हणून एक लहानसें खोरें आहे. त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

नोगेरा द तोर नांवाची नदी या खोऱ्यांतून दक्षिणेकडे वाहते. माथ्यावर 3,000 मीटरांहून उंच शिखरें, उतारांवर कुरणें, आणि मध्यें बोई, ताउल, एरिल, दुर्रो, बार्रुएरा अशीं दगडी घरांचीं चिमुकलीं गांवें. साऱ्या खोऱ्याची वस्ती हजाराच्या आसपास. एवढ्याशा वस्तींत मध्ययुगांतील नऊ ख्रिस्ती प्रार्थनामंदिरें उभीं आहेत, आणि 2000 सालीं युनेस्कोनें त्या सर्वांस जागतिक वारशांत स्थान दिलें.

ताउल येथील सांत क्लिमेंत मंदिराची प्रतिष्ठा 10 डिसेंबर 1123 रोजीं बिशप रामोन ग्यिलेम यांनीं केली, असा लेख त्या मंदिराच्या एका खांबावर रंगविलेला होता. दुसऱ्याच दिवशीं त्याच गांवांतील सांता मारिया मंदिराचीहि प्रतिष्ठा झाली. एका डोंगरी खेड्यांत दोन दिवसांत दोन मंदिरें! इतकें द्रव्य आलें कोठून? अरागोनच्या राजांनीं दक्षिणेकडील मुसलमानी मुलुखावर ज्या मोहिमा केल्या, त्यांत एरिलचे सरदार सामील होते. त्या मोहिमांतील लूट या बांधकामांस लागली, असें इतिहासकार मानतात. बांधणीची रीत इटलींतील लोंबार्डीकडची. सडपातळ, चौकोनी, मजल्यांवर मजले चढविलेले घंटेचे मनोरे हें तिचें विशेष लक्षण होय. लूट आली ती पायवाटेनें, आणि कारागिरी आली तीहि पायवाटेनेंच.

पुढें सत्ता आणि व्यापार दक्षिणेकडे सरकले व खोरें मागें पडलें. सधन प्रदेशांत जुनीं मंदिरें पाडून नव्या धाटणीचीं उभारण्यांत आलीं. येथें तेवढा पैसा कोणापाशींच नव्हता. म्हणून नऊ शतकांपूर्वींचें काम बव्हंशीं तसेंच टिकलें. दारिद्र्य हेंच येथें रक्षणकर्तें ठरलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

1907 सालीं बार्सिलोनाच्या कातालान विद्या संस्थेनें वास्तुशास्त्रज्ञ पुच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखालीं विद्वानांची एक तुकडी या डोंगरांत धाडली. एरिल येथें, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवितात त्या प्रसंगाच्या सात काष्ठमूर्ति त्यांना आढळल्या. आज त्यांपैकीं पांच विक शहराच्या संग्रहालयांत आणि दोन बार्सिलोनांत आहेत. शोधाबरोबर कीर्ति आली, आणि कीर्तीच्या मागोमाग व्यापारी आले. 1919 सालीं याच भागांतील मूर येथील भित्तिचित्रें प्लांदिउरा नांवाच्या संग्राहकानें विकत घेतलीं. तीं पुढें अमेरिकेंत बॉस्टनच्या संग्रहालयांत पोंचलीं. तेव्हां बार्सिलोनाच्या संग्रहालय-मंडळानें इटालियन कारागिरांकरवीं उरलीं चित्रें स्वतःच काढून नेण्याचें ठरविलें. चित्रावर सरसानें कापड चिकटवावयाचें आणि सरस वाळला कीं तें ओढून काढावयाचें. कापडाबरोबर रंगाचा पातळ थर सुटून येतो. 1919 ते 1923 या काळांत ताउलचा विशालनेत्र ख्रिस्त अशा रीतीनें भिंतीवरून उतरला आणि गुंडाळ्या होऊन डोंगर उतरून गेला.

हें योग्य झालें काय? तीं चित्रें नेलीं नसतीं तर समुद्रापलीकडे जाण्याचा धोका खरा होता, हें मूरच्या उदाहरणावरून उघड आहे. परंतु ज्या मूर्तीपुढें पणज्यानें गुडघे टेकले, तिच्या दर्शनासाठीं पणतवास राजधानी गांठावी लागली, हेंहि तितकेंच खरें. 2013 सालीं सांत क्लिमेंतच्या रित्या भिंतीवर प्रकाशाच्या साहाय्यानें मूळ चित्र उमटविण्याची सोय झाली. पाहणाऱ्याचें मन भरून येतें. दिवा मालवला कीं भिंत पुन्हां रिती.

पण खोऱ्यानें सारेंच गमावलें नाहीं. उन्हाळ्याच्या आरंभीं, जून-जुलैच्या रात्रीं, एकेका गांवाचे लोक डोंगरावरील ठरलेल्या जागीं जमतात, राळेनें भरलेल्या लांकडाच्या मशाली पेटवितात, आणि खांद्यावर त्या घेऊन अंधारांत पायवाटेनें गांवाकडे उतरतात. दुरून पाहणारास जळती नागमोडी रेघ डोंगरावरून सरपटत खालीं येतांना दिसते. या उत्सवास ‘फाल्येस’ म्हणतात. पहिल्यांदा मशाल घेऊन उतरलें म्हणजे पोर वयांत आलें, असें मानतात. 2015 सालीं युनेस्कोनें पिरिनीजमधील या अग्न्युत्सवांस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. ही वस्तु मात्र सरसानें उचलून नेतां येण्यासारखी नव्हती. ती जपावयाची तर डोंगर चढलाच पाहिजे.

अलीकडे याच वाटांवर दुसरी एक धांव सुरू झाली. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानांत गिर्यारोहकांसाठीं आश्रयगृहें आहेत. 1987 सालीं त्यांच्या कांहीं रखवालदारांनीं नऊहि आश्रयगृहें एका दिवसाच्या आंत पायीं गांठण्याचा संकल्प केला. त्या फेरीस ‘अग्निरथ’ या अर्थाचें कातालान नांव मिळालें. 2016 च्या जुलैमध्यें बार्रुएरा येथें पर्वतधांवेची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. एक मार्ग 42 किलोमीटरांचा, दुसरा तब्बल 105 किलोमीटरांचा. आणि तो सारा चढउताराचा.

येथें कोणी सुज्ञ वाचक विचारील कीं, मनगटावरील घड्याळाकडे पाहत धांवणाऱ्यास नऊ शतकांचा मनोरा काय दिसणार? आक्षेप निराधार नाहीं. मशालवाला आपल्या गांवाकडे धांवतो. स्पर्धक घटकापळांशीं झगडतो. एकाच्या मागें पिढ्या असतात, दुसऱ्याच्या छातीवर क्रमांक असतो. खोरें जर नुसतें शर्यतीचें नेपथ्य होऊन बसलें, तर त्याचें दुसऱ्यांदा अपहरण झालें असेंच म्हणावें लागेल.

तरीहि दुसरी बाजू नजरेआड करतां येत नाहीं. पायवाट ही वापरानेंच जिवंत राहते. गुराखी कमी झाले, खेचरें गेलीं, मोटारीची सडक खालून गेली, कीं दोनचार पावसाळ्यांत गवत आणि झुडपें जुनी वाट गिळून टाकतात. स्पर्धेसाठीं का होईना, कोणी ती वाट साफ करतो, तिची खूण राखतो, ती पावलांनीं मळवितो. शिवाय चढणीवर छाती फुटूं लागली म्हणजे धांवणाऱ्यासहि एवढें उमगत असेल कीं, ज्यांनीं हे दगड मनोऱ्याच्या माथ्यावर चढविले तीं माणसें याच चढणीला श्वास टाकीत होतीं. संग्रहालयांत कितीहि वेळ उभें राहिलें तरी हें ज्ञान मिळत नाहीं.

चित्र हलवितां येतें, मूर्ति हलवितां येते. वाट हलवितां येत नाहीं. ती एक तर चालावी लागते किंवा मरूं द्यावी लागते. बोईच्या खोऱ्यानें आपलीं चित्रें राजधानीच्या स्वाधीन केलीं. वाटा कोणाच्या स्वाधीन करावयाच्या, हें मात्र दर उन्हाळ्यांत मशाल उचलणाऱ्या त्या पोरांनींच ठरवावयाचें आहे.