डांबरी कागदाची शाळा आणि परगण्याचा जमाखर्च

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड या राजधानीपासून पश्चिमेकडे साठपासष्ट मैलांवर, प्रिन्स एडवर्ड नावाचा तंबाखू पिकविणारा एक परगणा असून फार्मव्हिल हे त्याचे मुख्य ठाणे होय. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांनी एका शाळेत बसू नये, असा दंडक त्या राज्याने 1902 च्या संविधानातच घालून ठेवला होता. आणि वेगळ्या सोयी समान असल्या म्हणजे कोणावर अन्याय होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली, आगगाडीतील डब्यांच्या एका तंट्यात, देऊन टाकला होता. यांपैकी वेगळेपणाची अंमलबजावणी परगण्याने डोळ्यांत तेल घालून केली. समानतेची अट मात्र दप्तरात पडून राहिली.

1939 मध्ये तेथे कृष्णवर्णीय मुलांसाठी जे हायस्कूल उभारण्यात आले, त्याला रॉबर्ट रुसा मोटन यांचे नाव देण्यात आले होते. हे मोटन त्याच परगण्यात वाढलेले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पश्चात टस्कीगी येथील संस्थेची धुरा वाहिलेले गृहस्थ. नाव थोर होते, इमारत मात्र 180 विद्यार्थ्यांच्या बेताची होती. 1951 पर्यंत पटावरील संख्या साडेचारशेच्या वर गेली, तरी तेथे ना व्यायामशाळा होती, ना भोजनगृह, ना विज्ञानाची प्रयोगशाळा. पालकांनी शिक्षणमंडळाकडे वारंवार अर्ज केले. त्यांची दाद लागली ती अशी की, लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून काही तात्पुरत्या खोल्या शाळेच्या आवारात उभ्या करण्यात आल्या, ज्यांना येणारेजाणारे कोंबड्यांची खुराडी समजत. हिवाळ्यात शेगडीजवळचा विद्यार्थी घामाघूम होई आणि कोपऱ्यातला अंगावरचा कोट काढण्यास धजत नसे. पावसात छत गळे. नव्या इमारतीसाठी पैसा नाही, थोडे थांबा, हे उत्तर पालकांना पाठ झाले होते. आणि त्याच गावात गोऱ्या मुलांच्या हायस्कुलाला कशाची वाण नव्हती.

थांबण्याचे नाकारले ते सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने, आणि तेही अशा गुप्ततेने की मुरलेल्या कारस्थानी मुत्सद्द्याने कौतुक करावे. 23 एप्रिल 1951 रोजी, शाळेचे दोन विद्यार्थी गावात अडचणीत सापडल्याचा खोटा निरोप दूरध्वनीवरून देऊन मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना तिच्या मंडळींनी बाहेर काढले. मागाहून त्यांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांतून फिरली आणि सारी शाळा सभागृहात जमली. पडदा सरला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी ही मुलगी उभी! शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करून तिने विद्यार्थ्यांना संपाचे आवाहन केले, आणि शाळा रस्त्यावर आली. मुख्याध्यापकांचा यात हात नव्हता असे मुलांनी पुढेही निक्षून सांगितले. त्यांची नोकरी मात्र गेलीच.

मुलांची मागणी केवळ चांगल्या इमारतीची होती, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोनच दिवसांनी ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेचे वकील त्यांना भेटले आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की, समान सोयींची याचना करणारी फिर्याद आम्ही चालविणार नाही, भेदाची भिंतच पाडावयाची असेल तर चालवू. रेव्हरंड ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा भरल्या, पालकांचे मतपरिवर्तन झाले, आणि दोन आठवड्यांनी संप आवरता घेऊन मे महिन्यात फिर्याद गुदरण्यात आली. अर्जदारांत पहिले नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचे असल्यामुळे खटला तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे वाटून घरच्यांनी तिला अलाबामातील माँटगमेरीस तिचे चुलते व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठविले. डेव्हिस खटला पुढे ज्या पाच खटल्यांत मिळविला गेला, त्यांचा एकत्रित निकाल म्हणजेच सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा 17 मे 1954 चा सुप्रसिद्ध ब्राउन निर्णय. आणि या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकच होता. दरम्यान, ज्या इमारतीसाठी पैसा नव्हता ती, खटला चालू असतानाच, 1953 मध्ये उभी राहिली.

या हकिकतीतून पुष्कळ लेखक असा अर्थ काढतात की, मुलांनी क्षुद्र मागणीपासून आरंभ केला आणि वकिलांनी ती तत्त्वाच्या उंचीवर नेली. मला हे पटत नाही. सार्वजनिक खजिन्यात भर घालणारे कोण आणि त्यातून शिकणारे कोण, हा प्रश्न जमाखर्चाचा असला तरी तत्त्वाहून हलका नाही. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. याच जोतीरावांनी 1873 मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता, हे आठवले म्हणजे फार्मव्हिल आपल्याला तितकेसे परके वाटत नाही.

परगण्याच्या कारभाऱ्यांना तर या हिशेबाचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांनी शाळांची रक्कम वर्षाची एकदम न देता महिन्यामहिन्याने मंजूर करण्याचा परिपाठ घातला, म्हणजे मुले एकत्र बसविण्याचा हुकूम येताच हात आखडता घेता यावा. जून 1959 मध्ये तो प्रसंग आला, तेव्हा त्यांनी शाळाखात्याची तरतूदच नाकारली. परगण्यातील प्रत्येक सरकारी शाळेला टाळे लागले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी उघडण्यात आली आणि तिच्या फीसाठी काही काळ सरकारी अनुदानही मिळाले. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही दूरच्या नातलगांकडे वा परराज्यांत गेली, काही चर्चच्या तळघरांतून जमेल तसे शिकली, आणि पुष्कळांचे शिक्षण कायमचे तुटले. 1963 साली केनेडी सरकारच्या साहाय्याने तात्पुरत्या मोफत शाळा निघाल्या. 25 मे 1964 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शाळा उघडण्यासाठी कर बसविण्याची आज्ञा न्यायालय परगण्याला करू शकते, असा निर्णय दिला, तेव्हा कोठे ती टाळी निघाली.

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि 1991 मध्ये वारली. बंद शाळांच्या काळात ज्यांचे शिक्षण बुडाले, त्यांच्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 2004 मध्ये एक शिष्यवृत्ती निर्माण केली आणि तिच्यासाठी रकमेची तरतूद केली. 1959 मध्ये जी मुले पहिलीत बसावयाची होती, त्यांनी त्या वेळी पन्नाशी ओलांडली होती.